मूंटाची फेरी

बायकोच्या नर्सिंगच्या व्हिसावर ॲडलेडला आलो आणि इस्लामपूर डेपोतली एस.टी. सोडून इथल्या सहलींच्या कोचवर बसलो. इथे ड्रायव्हरलाच माईकवर माहितीही सांगावी लागते. मूंटा म्हणजे तांब्याच्या जुन्या खाणींचं गाव. तिथली फेरी माझ्या आवडीची, कारण त्या वाटेवर जॉन व्हेरन सांगायला मिळतात.

गोष्ट तोंडपाठ. १८५६ साली कॉर्नवॉलमधल्या ग्वेनॅपला जन्म. तीन महिन्यांचं पोर घेऊन आईबाप जहाजात बसले. दहाव्या वर्षी पोर मूंटाच्या खाणीवर, दगडांतून तांब्याचं खनिज निवडायला. अठराव्या वर्षीही लिहितावाचता येत नव्हतं. मग रात्रशाळा, मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचनं, खाणकामगार युनियनचं अध्यक्षपद. १९०१ ला आमदार, १९१० ला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री! वरच्या सभागृहात मालमत्तावाल्यांचं राज्य. सरकारी वीटभट्टीच्या पैशावरून त्यांनी बजेट अडवलं, व्हेरननी थेट लंडनच्या ब्रिटिश सरकारकडे दाद मागितली, लंडनने हात वर केले आणि १९१२ च्या निवडणुकीत सरकार पडलं. इथे मी थांबायचो. बाहेरून आलेला मजूर, अन्यायाने पडला. ऐकणारे हळहळायचे आणि मलाही बरं वाटायचं. मीही बाहेरूनच आलेलो.

त्या दिवशी खाणीच्या पडक्या इंजिनघरापाशी सगळे फोटो काढत होते. पहिल्या सीटवरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, खाली उतरल्याच नाहीत. पाणी हवंय का विचारलं.

"नको. पुढचं कधी सांगणार?"

"पुढचं?"

"महायुद्धाचं."

आजी ॲडलेडजवळच्या हानडॉर्फ गावच्या, जर्मन वंशाच्या. १९१७ मध्ये सरकारने जर्मन लोकांच्या लुथरन पंथाच्या ४९ शाळा बंद केल्या, त्यातल्या एकीत त्यांचे वडील शिकत होते. नऊ वर्षांचे होते. राज्यातली ६९ जर्मन गावनावं बदलायचं ठरलं, त्यात हानडॉर्फचं अंबलसाइड झालं. जुनं नाव परत मिळायला १९३५ उजाडलं. आणि जर्मन वंशाच्या लोकांविरुद्ध आग ओकणाऱ्यांत तुझा व्हेरन पुढे होता, त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. 'तुझा' तेवढं टोचलं.

काय बोलणार? सक्तीच्या सैन्यभरतीवरून व्हेरनना त्यांच्याच मजूर पक्षाने बाहेर काढलं, १९१८ ला जागाही गेली, हे वाचलेलं होतं. जर्मनांचंही वाचलं होतं. गोष्ट बिघडते म्हणून वगळत होतो.

परतीला माईक बंदच ठेवला. उतरताना आजींनी खांद्यावर हात ठेवला, गाडी छान चालवतोस म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी १९१२ पर्यंत नेहमीसारखं सांगितलं. मग घसा खाकरला. पोर्ट वेकफिल्ड अजून पाचेक मिनिटांवर होतं, तिथे आमचा चहाचा थांबा असतो. "चहानंतर पुढचं," असं म्हणून माईक ठेवला. चहानंतर कुणी विचारलं नाही.