पट्टा तिसऱ्यांदा तुटल्यावर

माझ्या १९९२ सालच्या एमएम ५४० जीपला आधीच्या मालकाने पॉवर स्टिअरिंग बसवून घेतले होते. त्याचा पंप स्थानिक गॅरेजमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या ब्रॅकेटवर बसतो आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) पुढच्या खाचेतून निघालेला वेगळा पट्टा तो फिरवतो. वर्षभरात हा पट्टा तीनदा गेला. तिसऱ्यांदा तो मे महिन्यात, नान्नजहून सोलापूरकडे परतताना बार्शी रस्त्यावर तुटला आणि उरलेले अंतर मी अक्षरशः दंडांच्या बळावर गाडी वळवत घरी आलो.

आधीच्या दोन्ही वेळा मी दोष पट्ट्याला देऊन महागातला पट्टा आणला होता. या वेळी तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला, तेव्हा त्याची एक बाजू काचेसारखी चकचकीत झालेली होती, दुसऱ्या बाजूचे दोरे पिंजून बाहेर आले होते आणि ब्रॅकेटवर काळी भुकटी साचली होती. आमच्या शेजारचे काका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, त्यांनी तो तुकडा नखाने खरवडला आणि म्हणाले, "अरे, पट्टा बदलून काय होणार? आधी पुली लाइनीत आहे का बघ." मग घरातून पक्क्या सुताची गुंडी घेऊन आले.

बॅटरीची ऋण तार काढून आम्ही सूत क्रँक पुलीच्या दोन्ही कडांना टेकवून पंपाच्या पुलीपर्यंत ताणले. इथे एक फसगत होण्यासारखी जागा आहे. सूत चारही कडांना टेकले की काम झाले, असे सांगितले जाते. परंतु ते दोन्ही पुलींच्या कडा सारख्याच जाड असतील तरच खरे. माझी क्रँक पुली ओतीव असल्याने तिच्या खाचेपुढची कड ५ मिलीमीटर भरली, तर पंपाची पत्र्याची कड जेमतेम २. म्हणजे खाचा समोरासमोर असतील तर सूत पंपाच्या पुलीपासून ३ मिलीमीटर दूर राहायला हवे. प्रत्यक्षात ते अलीकडच्या कडेपाशी ६ आणि पलीकडच्या कडेपाशी ८ मिलीमीटर दूर होते. पंप सरासरी ४ मिलीमीटर मागे होता आणि शिवाय तिरपाही होता. अशा पट्ट्याला साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो, तो फुटामागे अडीच मिलीमीटरच्या आसपास येतो; आणि या दोन पुलींमध्ये तर फूटभरही अंतर नाही.

तिरपेपणाचे कारण ब्रॅकेटच्या लंबगोल झालेल्या भोकात सापडले. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत ते भोक भरून नव्याने पाडून घेतले आणि ४ मिलीमीटरचा एकसंध स्पेसर, म्हणजे मधे भरायचा तुकडा, लेथवर करून घेतला. आधी तिथे वायसर घालून भागवण्याचा माझा विचार होता, पण तीन-चार वायसरांची चळत थरथरीने सैल होते, हे काकांचे म्हणणे मला पटले.

नवा पट्टा टॉमीने (लोखंडी पहारीने) पुलीवरून ओढून चढवू नये, कारण आतले दोरे तिथेच तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पंप पूर्ण आत ढकलला की पट्टा हाताने बसतो. बसल्यावर त्याने खाचेच्या दोन्ही भिंती धरायला हव्यात. तो तळाला टेकत असेल तर पट्ट्याचे माप चुकलेले असते किंवा पुली झिजलेली असते. सर्वांत लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबून तो १० ते १२ मिलीमीटर खचेल एवढाच ताण मी ठेवला, कारण किंचाळणे थांबवण्यासाठी आणखी आवळला तर त्याची किंमत पंपाचे बेअरिंग मोजते.

इंजिन दहा मिनिटे चालवून बंद केल्यावर पट्टा थोडा सैल झालेला होता, म्हणून पुन्हा ताणला. तीनशे किलोमीटरनंतर परत पाहिला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच काळ्या होत्या आणि ब्रॅकेटवर भुकटी नव्हती.