अथेन्सचा जावई

ऑगस्टमध्ये अथेन्सच्या पिरेअस बंदरातून आमची बोट सुटलीच नाही. आभाळ निरभ्र, ऊन चटका लावणारं, आणि धक्क्यावर शेकडो माणसं बॅगांवर बसून. कोकणात वाढलेल्या मला वादळ म्हटलं की काळोख आणि पाऊस आठवतो. इथे एजियन समुद्रावर भर उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडा, लखलखीत वारा सुटतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. त्याला 'मेल्तेमी' म्हणतात. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफोर्ट मापावर साधारण 8 पर्यंत पोचला की बोटींना मनाई होते. समोर निळंशार पाणी, त्यावर पांढरे फेस, आणि आपण किनाऱ्यावर.

आयता दिवस हाती आला, म्हणून संध्याकाळी प्लाका भागात वाऱ्यांच्या मनोऱ्याकडे गेले. पेंटेली डोंगराच्या संगमरवराचा, जेमतेम 12 मीटर उंचीचा हा अष्टकोनी मनोरा. इथली माणसं त्याला नुसतं 'आएरिदेस' म्हणतात, म्हणजे वारे. किर्‍होस गावच्या अँड्रोनिकसने तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बांधला. बाहेरच्या भिंतींवर सूर्यघड्याळं कोरलेली, आत पाण्यावर चालणारं घड्याळ होतं, आणि छतावर वाऱ्याबरोबर फिरणारा ब्राँझचा ट्रायटन, म्हणजे समुद्रदेव. त्याच्या हातातली काठी वाहणाऱ्या वाऱ्याच्या मूर्तीवर येऊन थांबायची. पुढे इथे चर्च झालं, तुर्की अमलात दर्वेशी, म्हणजे सूफी फकिरांचा मठ झाला. ट्रायटन कधीच गेला. वारे मात्र जागेवर आहेत.

वरच्या पट्ट्यात आठ बाजूंना आठ पुरुष आडवे उडताहेत, सगळ्यांना पंख. मान दुखेपर्यंत मी भोवती फिरत राहिले. उत्तरेचा बोरिआस दाढीवाला, जाड कपड्यांत गुरफटलेला, शंख फुंकणारा. ईशान्येचा कैकिआस ढाल उपडी करून गारा ओततोय. पूर्वेच्या अपेलिओतिसच्या ओटीत फळं आणि धान्य. दक्षिणेचा नोतोस घागर रिकामी करतोय, कारण इथला पाऊस तो आणतो. नैऋत्येच्या लिप्सच्या हातात जहाजाच्या मागच्या टोकाची नक्षी आहे. पश्चिमेचा झेफिरोस अनवाणी, अंगावर जेमतेम वस्त्र, पण ओच्यात फुलंच फुलं. ज्याने हे कोरलं त्याने प्रत्येक वारा अंगावर घेतलेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडे दिशांनाच देवांची नावं आहेत: आग्नेय अग्नीची, नैऋत्य निर्ऋतीची, वायव्य वायूची. पण त्या आठ दिक्पालांत वायू एकच, एका कोपऱ्याचा राखणदार. मरुत् पुष्कळ, तरी ते जथ्याने येतात. एकेकाचा चेहरा वेगळा आठवत नाही. आमचे होडीवाले समुद्रावरून येणारा खारा वारा आणि जमिनीवरून सुटणारी मतलई बरोबर ओळखतात, पण मतलईची मूर्ती मी कुठे पाहिलेली नाही. इथे आठही वाऱ्यांना स्वभाव आहे, वय आहे, कपडे आहेत.

आणि एकाला तर सासुरवाडीही आहे! बोरिआसने अथेन्सचा राजा एरेख्थेउस याची मुलगी ओरिथिया हिला इलिसोस नदीच्या काठावरून उचलून नेलं. उत्तरेला थ्रेसमध्ये तिला नेऊन त्याने संसार थाटला. त्यांचे मुलगे झेतेस आणि कालाइस हेही पंखवाले. ग्रीक पुराणातल्या जेसन या वीराबरोबर 'आर्गो' जहाजावर गेले आणि आंधळ्या फिनिअस राजाचं अन्न ओरबाडणाऱ्या हार्पींना, म्हणजे पंखवाल्या राक्षसिणींना, त्यांनीच पिटाळलं. पळवून नेलेल्या मुलीचं मन कुणी विचारलं नाही, ही गोष्ट मला टोचतेच. पण अथेन्सने ते नातं धरून ठेवलं. वारा आपला जावई!

इसवी सनपूर्व 480 मध्ये झर्क्सिस राजाचं इराणी आरमार ग्रीसवर चालून आलं, तेव्हाची गोष्ट हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. अथेन्सच्या लोकांना कौल मिळाला होता, 'जावयाला मदतीला बोलवा.' त्यांनी बोरिआस आणि ओरिथियाला आळवलं. ग्रीसमधल्या मॅग्नेशियाच्या किनाऱ्यावर तीन दिवस वादळ घोंगावलं आणि कमीत कमी 400 जहाजं फुटली. चौथ्या दिवशी इराणी पुरोहितांच्या मंत्रांनी ते शमलं, किंवा आपणहूनच थांबलं असेल, असं हेरोडोटस लिहितो. त्याचा हा खरेपणा मला फार आवडतो. वादळ त्या प्रार्थनेनेच आलं का, तेही आपल्याला सांगता येत नाही, असं तो मोकळेपणाने म्हणतो. अथेन्सवासीयांना मात्र शंका नव्हती. घरी परतल्यावर त्यांनी इलिसोसकाठी जावयाचं देऊळ बांधलं.

ती नदी आता बहुतेक ठिकाणी रस्त्यांखाली गाडली गेली आहे. वर गाड्या धावतात.

परवा जानेवारीच्या एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पलीकडच्या गॅलरीतल्या आजींनी माझ्या दोरीकडे पाहिलं, आत जाऊन मूठभर चिमटे आणले आणि कठड्यावरून माझ्या हातात दिले. उत्तरेच्या डोंगराकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणाल्या, "वोरियास." आजच्या ग्रीकमध्ये बोरिआसचा उच्चार असा होतो. मी प्रत्येक कपड्याला दोन-दोन चिमटे लावले.