कानात एक, स्पीकरवर दुसरं

"मला डीजे घ्यायचाय," असं मी दिवाळीत घरी म्हणालो तेव्हा आईने हातातली चकली तशीच खाली ठेवली. "आणि उभा कुठं करणार?"

तिचं चुकलं नव्हतं. आमच्या कराडकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे आणि यंत्रही नव्हे. डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे घुरघुरणारा जनरेटर आणि पुढे नाचणारी पोरं. त्या भिंतीला डॉल्बी असंही म्हणतात, डॉल्बी कंपनीचा तिच्याशी सुतराम संबंध नसला तरी. मला हवा होता तो ऑफिसच्या बॅगेत मावणारा डीजे. लॅपटॉप होताच. त्याला जोडून दोन गाणी एकात एक मिसळता येतील असं काहीतरी. आई म्हणाली, "मग नुसती गाणी लाव की. मोबाईलवर लावतोसच ना?"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते सापडण्याआधी एकदा आणि सापडल्यावरही एकदा मी चुकीच्या गोष्टींवर पैसे घातले.

सुरुवात फुकटात केली. मिक्स नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या स्पेलिंगात ओळीने तीन एक्स आहेत, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर शोधू नका. मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे, आणि शिकायला भरपूर आहे. पडद्यावर दोन डेक, म्हणजे गाणी वाजवायच्या दोन जागा दिसतात, मधे एकीकडून दुसरीकडे नेणारी क्रॉसफेडरची पट्टी. माउसने एक गाणं सोडलं, दुसरं सोडलं, मधली पट्टी सरकवली आणि दोन बँडपथकं एकाच चौकात समोरासमोर यावीत तसा गोंधळ झाला. दुसऱ्या गाण्याचा ठेका पहिल्यावर बसवायचा तर ते आधी मला एकट्याला ऐकू यायला हवं, लोकांना नाही. लॅपटॉपला हेडफोनचं भोक मात्र एकच.

मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. "हेडफोनचे दोन करायचेत," असं सांगितल्यावर काउंटरवरच्या काकांनी वाय आकाराची बारकी वायर दिली. घरी येऊन जोडली तर हेडफोनमध्ये आणि स्पीकरवर तेच गाणं. ती वायर होती दोघांनी मिळून पिक्चर बघायची. दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी नीट सांगितलं, की डाव्या बाजूचा आवाज वेगळा काढायचाय आणि उजव्या बाजूचा वेगळा. काका हसले. "अहो, मग आरसीए म्हणा ना!" एका टोकाला थ्री पॉइंट फाइव्हची पिन, दुसऱ्या टोकाला पांढरी आणि लाल, ही वायर आपल्या सगळ्यांच्या घरात जुन्या टीव्हीमागे लोंबत असते. पांढरी म्हणजे डावी बाजू, लाल म्हणजे उजवी. पांढरीला एक कन्व्हर्टर लावून हेडफोन, लाल स्पीकरला. सॉफ्टवेअरमध्ये हेडफोनच्या नॉबशेजारी स्प्लिट नावाचं बटण आहे, ते दाबलं.

आणि कानात एक गाणं, स्पीकरवर दुसरं.

हेडफोन एकाच कानात वाजत होता, कारण अर्धा स्टिरिओ मी तोडून टाकला होता. स्पीकरवरही मोनोच. पण त्या रात्री पहिल्यांदा मी पुढचं गाणं कानात दाबून धरलं, वेगाची पट्टी माउसने केसभर खाली-वर केली, आणि दोन्हींचे ठोके एकमेकांवर पडले. क्षणभरच. मग परत घसरले. तेव्हा कळलं, की ज्याला क्यू म्हणतात तो हाच. आपण विकत घेतो ती बटणं नव्हेत, हा दुसरा आवाज. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडलं. मोबाईलवर जे लोकांना ऐकू येतं तेच मला ऐकू येतं.

हे इतकं स्पष्ट कळल्यावर तरी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. पण मग मी जुना कंट्रोलर, म्हणजे माउसऐवजी हाताने सॉफ्टवेअर चालवायचं यंत्र, घेतला.

कोथरूडमधल्या एका मुलाने जाहिरात टाकली होती. मोठा, भरपूर बटणांचा, गाणं हाताने पुढे-मागे करायची ताटलीएवढी जॉग व्हील, नव्याच्या पाव किमतीत. त्याच्या घरी त्याच्या जुन्या लॅपटॉपवर झकास चालत होता. माझ्याकडे आणून लावला तर बटणांचे दिवे लागले, आवाज नाही. त्या यंत्रातलं साउंड कार्ड, म्हणजे आवाज बाहेर काढणारा भाग, कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालणारं, ड्रायव्हर विंडोज सातच्या काळातला, आणि कंपनीने त्यापुढचा कधी काढलाच नाही. माझ्या लॅपटॉपवर विंडोज अकरा. मॉडेलचं नाव घेत नाही, विकणाऱ्या मुलाचाही दोष नाही, कारण त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तीन रविवार ड्रायव्हरच्या मागे घालवले. जुनं यंत्र घेताना "चालतंय का" हा प्रश्न पुरत नाही, "माझ्या लॅपटॉपवर चालतंय का" असं विचारावं, आणि आपला लॅपटॉप काखेत मारूनच जावं. ड्रायव्हर न लागणारी, म्हणजे क्लास कंप्लायंट म्हणतात तसली जुनी यंत्रं त्या मानाने निर्धोक.

ते धूड आता कपाटावर आहे. त्याची एक जॉग व्हील भाचा गाडीचं स्टिअरिंग म्हणून वापरतो.

तिसऱ्या खेपेला मुंबईला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. (कागदोपत्री त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर टॅक्सीवालाही थबकतो.) लॅपटॉप बरोबर होता, पांढरी-लाल वायर होती, आणि माझी तीन-चार गाणी पेन ड्राइव्हवर होती, कारण दुकानातलं डेमोचं गाणं प्रत्येक यंत्रावर छानच वाजतं.

समोर चार डबे. न्यूमार्कचा डीजे टू गो टू टच, फूटपट्टीसारखा लांबट आणि अगदी बारका. साउंड कार्ड आत आहे, हेडफोनला वेगळं भोक आहे, म्हणजे माझी मुख्य गरज भागत होती. पण बास, मिड, ट्रेबलचे नॉब नाहीत. दोन गाणी मिसळताना दोन्हींचे बास एकत्र वाजले की चिखल होतो. एकाचा बास काढून मगच दुसऱ्याचा सोडायचा असतो, आणि ते माउसने करायचं तर कंट्रोलर घेतला कशाला? पायोनियर डीजेचा डीडीजे-२०० दिसायला देखणा, नॉब सगळे जागेवर, पण त्यात साउंड कार्डच नाही. तो मुळात फोन आणि टॅबसाठी, आणि डब्यात आवाज दोन भागात करणारी वायर येते. माझ्या पांढऱ्या-लाल वायरची थोरली बहीण! तिच्यापासून तर मी पळत होतो. हर्क्युलिसचा इनपल्स २०० स्वस्तातला आणि शिकणाऱ्यासाठी हुशारीने बनवलेला. गाणं मागे आहे की पुढे, हे बाणाच्या दिव्यांनी दाखवतो. दिवे बघून ठेका जुळवताना मजा आली, पण पाच मिनिटांनी लक्षात आलं की मी ऐकतच नव्हतो, नुसता दिवे बघत होतो. कुणाला ते सोयीचं वाटेल. मला माझी खोड माहीत आहे.

चौथा पायोनियरचाच डीडीजे-एफएलएक्स ४. दोन चॅनल, तीन-तीन नॉब, आत साउंड कार्ड, यूएसबीवरच वीज घेतो म्हणजे वेगळा अ‍ॅडॅप्टर नको. याच्या आधीचा डीडीजे-४०० फक्त रेकॉर्डबॉक्स या त्यांच्याच सॉफ्टवेअरसाठी होता. हा रेकॉर्डबॉक्सबरोबर सेराटो डीजे लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही चालतो आणि दोन्ही त्याच्या जोडीला फुकट. दुकानदार सिंकचं बटण दाबून दाखवत होता, दोन गाणी आपोआप जुळत होती. मी म्हटलं, "सिंक बंद करा आणि हेडफोन द्या." त्याने जरा निरखून बघितलं, मग खुर्ची सरकवून दिली. वीस मिनिटं बसू दिलं, चहाही मागवला. एकोणतीस हजार आणि वर काहीशे रुपये गेले. माझ्या बजेटच्या दुप्पट, आणि कपाटावरचं धूड मिळवलं तर त्याहून जास्त.

स्पीकर घेतले नाहीत. ज्याला घरी सराव करायचाय त्याला मॉनिटर स्पीकरच्या मोहात पाडणारे पुष्कळ भेटतात. माझ्याकडे जुना होम थिएटर आहे, आरसीएची वायर त्याला सरळ लागते. हेडफोन मात्र बंद कपाचे घेतले, ऑडिओ-टेक्निकाचे एम-२० एक्स. बाहेर दणदणाट असताना आतलं ऐकू यायला हवं, त्यामुळे इअरबड आणि त्यातही ब्लूटूथ, विसरा. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा पोचतो की ठेका जुळवणं सोडा, टाळीही जुळत नाही.

उशिरावरून आठवलं. लॅपटॉपमध्ये बफर नावाची सेटिंग असते, वाजवण्याआधी आवाजाचे किती तुकडे, म्हणजे नमुने, साठवायचे ते ठरवणारी. माझ्याकडे ती १,०२४ नमुन्यांवर होती. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशोबाने २३ मिलिसेकंद. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बटण दाबल्यावर गाणं किंचित मागून येतं आणि हात बिचकतो. २५६ वर आणलं, म्हणजे सहाच्याही खाली. आता बोट आणि आवाज एकच. त्याखाली गेलो तर आवाज फुटाण्यासारखा तडतडायला लागला, लॅपटॉपला दम पुरेना. तिथून परत २५६. वायफाय बंद ठेवतो, आणि विंडोजचे स्वतःचे आवाजही. ते बंद का, हे हळदीत कळलं.

चुलतभावाची हळद, मे महिना, गावात. काकांनी छोटी डॉल्बी सांगितली होती, मी म्हटलं गाणी मी लावतो. डॉल्बीवाला पोरगा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण त्याच्याकडून दोन तासांत जे शिकलो ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. माझी आरसीएची टोकं बघून त्याने विचारलं, "पी-३८ न्हाय आणली?" त्याच्या मिक्सरला जाड पिन लागते. त्याच्याकडे कन्व्हर्टर निघाले म्हणून निभावलं. आता माझ्या बॅगेत चार असतात.

जोडल्या जोडल्या स्पीकरमधून "हूंऽऽऽ" असा गंभीर सूर. गाणं नाही, काही नाही, नुसता भुंगा. मी वायरी हलवल्या, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, घाम फुटला. तो सावकाश आला, माझ्या लॅपटॉपचा चार्जर उपटला. शांत. परत लावला. भुंगा. "अर्थिंग फिरतंय, दादा." माझा चार्जर ओसरीवरच्या बोर्डात, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर अंगणातल्या दुसऱ्या लाइनवर. दोन्हीकडची अर्थिंग माझ्या आरसीएच्या जाळीतून एकमेकांना भेटत होती आणि विजेची पन्नास हर्ट्झची घरघर स्पीकरवर गात होती. त्याने स्वतःच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढून दिलं आणि मधे आगपेटीहून थोडा मोठा लोखंडी डीआय बॉक्स, म्हणजे दोन्हीकडची अर्थिंग वेगळी ठेवणारा डबा, टाकला. भुंगा गेला. दुसरी गोष्ट त्याने लांबूनच ओरडून सांगितली, "लाल पेटतंय, खाली घ्या! आवाज वाढवायचं माझ्यावर सोडा." मी मास्टर नॉब उजवीकडे पिळत बसलो होतो, आणि आवाज मोठा नव्हे, फाटका होत होता.

मधेच पूर्ण डॉल्बीवर विंडोजचा "टिंग" वाजला. बॅटरीचा नव्हे, ऑफिसच्या मीटिंगची आठवण. सगळ्या हळदीने ऐकला.

पण खरी परीक्षा आत्याने घेतली. तिला जुनं कोळीगीत हवं होतं. सॉफ्टवेअरने त्याचा वेग मिनिटाला ९६ ठोके सांगितला, माझ्या मांडीवरची बोटं १४४ मोजत होती. सहाच्या ठेक्याचं गाणं, यंत्र चाराच्या हिशोबाने मोजतं, दोन आणि तीनचा घोळ होतो. शिवाय ती वाजवणारी माणसं. कडव्यागणिक जोशात येऊन पुढे सरकणारी, मेट्रोनोम लावून कुणी वाजवलेलं नाही. सिंक दाबलं तर चालू गाणं आणि हे नवं, म्हातारा बैल आणि खोंड एका जुवाला जुंपल्यासारखे धावायला लागले. नशीब, ते फक्त माझ्या कानात होतं. सिंक काढलं. जुळवायचा नाद सोडला. चालू गाण्याचा बास काढला, हलगीचा तुकडा संपेपर्यंत थांबलो, आणि नेमक्या समेवर कोळीगीत सरळ सोडलं.

आत्या पदर खोचून मधे आली. मागून काकू, मग आई. दहाला बंद करायचं होतं, पावणेदहा झाले होते. आई नाचता नाचता टेबलाजवळ आली, माझ्या एका कानावरचा हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला, आणि म्हणाली, "अरे, यात तर भलतंच वाजतंय!"