दुचाकी थांब्यापर्यंत, पुढे बस

नाशिकच्या शहर वाहतुकीचा विषय निघाला की बोलणे बसगाड्यांच्या संख्येवर नाहीतर मेट्रो निओवर येऊन थांबते. रबरी टायरच्या या मेट्रोसाठी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली. माझ्या मते मात्र खरी अडचण वाहन बदलण्याच्या जागेची आहे. गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याच्या आतल्या वसाहतींमधून मुख्य रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत चालत जाणे उन्हापावसात नकोसे वाटते; दुचाकीने ते चार-पाच मिनिटांचे काम आहे. पण थांब्यापाशी ती ठेवायची कुठे, याला उत्तर नसल्याने एकदा सुरू केलेली दुचाकी थेट कामाच्या ठिकाणीच उभी राहते.

दुचाकी आणि सार्वजनिक वाहनाच्या सांगडीचा सर्वांत जुना नमुना नाशिकरोडला पाहायला मिळतो. स्टेशन मूळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर असल्यामुळे मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांना घर ते स्टेशन हा प्रवास वेगळा आखावाच लागतो. सकाळी गाडीच्या आधी वाहनतळावर हँडल लॉक करून, हेल्मेट डिकीत कोंबून, पावती खिशात सरकवत जिन्याकडे धावणारी माणसे दिसतात. मुंबई दूर, म्हणून त्यांना हे परवडते.

शहरातल्या शहरात हिशेब वेगळा होतो. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर धावणाऱ्या स्कूटरचा पेट्रोलखर्च किलोमीटरमागे साधारण सव्वादोन-अडीच रुपये येतो. वाहनतळाचे पैसे वेगळे आणि बसचे तिकीट वेगळे द्यायचे असेल, तर स्कूटरवाला बसमध्ये का बसेल? म्हणून बसच्या मासिक पासातच दुचाकी ठेवण्याची सोय धरली पाहिजे. चारचाकींसाठी मोठाले वाहनतळ बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल, कारण एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी सहज मावतात.

सीटवर चालणाऱ्या रिक्षांनाही या मांडणीत स्थान हवे. शालिमारला ‘नाशिकरोड, नाशिकरोड, एक सीट’ अशी हाक मारत शेवटच्या प्रवाशाची वाट पाहणारा रिक्षावाला बसचेच प्रवासी उचलतो, हे खरे आहे. पण तीच रिक्षा वसाहत ते थांबा अशा ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात चालली, तर ज्यांच्याकडे दुचाकी नाही किंवा जे ती चालवू शकत नाहीत, त्यांचाही प्रश्न सुटेल. (रिक्षा थांब्यावरच आडवी लावण्याची सवय मात्र आधी मोडावी लागेल.)

वाहने बाहेर थांबवून लोकांना बसने आत आणण्याचा प्रयोग २०१५च्या सिंहस्थात नाशिकने केलेलाच आहे. पर्वणीला रस्ते बंद असल्याने भाविकांना पर्याय नव्हता, आणि तरीही पायपिटीची ओरड झाली. रोजच्या प्रवाशावर अशी सक्ती करता येत नाही, त्याला भरवसा द्यावा लागतो. त्यातही माझ्या दृष्टीने परतीची बस अधिक महत्त्वाची आहे. सकाळची बस चुकली, तर माणूस कुरकुरत दुचाकीनेच पुढे जातो. पण रात्री साडेनऊची बस आली नाही, तर तो एकीकडे, त्याची गाडी सात-आठ किलोमीटरवर दुसरीकडे, आणि रिक्षावाला मागेल ते भाडे, अशी गत होते. तेव्हा थांब्यालगतच्या वाहनतळासाठी जागा शोधताना त्या मार्गावरची शेवटची बस किती वाजता सुटते आणि ती नेमाने सुटते का, हे आधी पाहावे.