राजमा, सहा शिट्ट्या आणि ओइस्त्राख

"सहा शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर," असं बजावून बायको भाजी आणायला गेली. मी कुकरसमोर खुर्ची टाकली आणि मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस, त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि सोबत अख्खा वाद्यवृंद. वाजवणारा सोव्हिएत व्हायोलिनवादक दाविद ओइस्त्राख, समोर काठी घेऊन वाद्यवृंद चालवणारा रोझदेस्तवेन्स्की. कृष्णधवल चित्रफीत. ही मी आजवर किती वेळा पाहिली, तो आकडा घरात कुणाला सांगितलेला नाही.

ओइस्त्राख दिसायला अगदी साधा. गोल, जाडजूड. गाल व्हायोलिनवर असे ओघळतात की कापडदुकानाचे मालक दुपारी लोडावर कलंडलेत असंच वाटावं. मागची व्हायोलिनं इतकी हळू थरथरत असतात की पंखा बंद केल्याशिवाय मोबाइलवर ती ऐकूच येत नाहीत. त्या थरथरीवर हा माणूस एक लांब स्वर ठेवतो. घाई नाही, आव नाही. देवापुढे निरांजन ठेवावं तसा ठेवतो.

मीही दहाव्या वर्षी व्हायोलिन धरलं होतं. आपल्या पद्धतीनं, मांडी घालून, वाद्याचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून. आमचे सर व्हायोलिनची रेकॉर्ड लावायचे, गजाननबुवा जोशींची, व्ही. जी. जोगांची, आणि म्हणायचे, "वाजवू नकोस, गा." मी गज ओढला की स्वयंपाकघरातून आजीचा आवाज यायचा, "त्या बिजागरीला कुणीतरी तेल घाला रे!" प्रवेशिका प्रथमची परीक्षा झाली आणि व्हायोलिन माळ्यावर गेलं. कुणी अडवलं नाही, हेही खरंच.

पण तेवढ्या दोन वर्षांनी एक गोष्ट कायमची कळली. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की स्वर गेला. या कॉन्चेर्टोच्या तिसऱ्या भागात तर दोन तारा एकदम वाजवायच्या, एकीवर सा असेल तर दुसरीवर ग, आणि अशा जोड्यांनी पळत सुटायचं. वर जावं तशी तारेवरची जागा आखडत जाते, म्हणजे दोन बोटांमधलं अंतर प्रत्येक जोडीला वेगळं. मोजायला वेळ नसतो. बोटांनी आधीच ठरवलेलं असावं लागतं. ओइस्त्राख हे सगळं करताना चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू देत नाही. आपल्या मैफलीत अशा जागेला चार-पाच "क्या बात है" पडले असते. तिथे सभागृह श्वास धरून बसलेलं. मला ते जमत नाही, म्हणून मी घरीच ऐकतो.

(पहिली शिट्टी.)

गंमत अशी, की हे इतकं अवघड लिहिणारा सिबेलियस स्वतः हुकलेला व्हायोलिनवादक. चौदाव्या वर्षी नेटानं शिकायला लागला, म्हणजे तसा उशिराच. १८९१ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये जागा मिळावी म्हणून वाजवून दाखवलं, आणि नापास झाला. मग हा कॉन्चेर्टो, त्यानं लिहिलेला एकुलता एक. १९०४ साली हेलसिंकीत पहिल्यांदा झाला तेव्हा वाजवणाऱ्याला झेपलाच नाही. सिबेलियसनं तो पुन्हा लिहून काढला आणि १९०५ मध्ये बर्लिनला नव्या रूपात झाला. तरीही सोपा म्हणावा असा तो झाला नाहीच. पहिल्या भागाच्या ऐन मध्यावर सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि एकटं व्हायोलिन स्वतःशी भांडत राहतं. तिथे मला नेहमी वाटतं, हा माणूस ज्या वादकासाठी लिहितोय तो वादक म्हणजे तोच आहे, जमला असता तर.

१९१५ साली, पन्नाशीच्या उंबऱ्यावर, त्यानं रोजनिशीत एका स्वप्नाची नोंद केली. स्वप्नात तो बारा वर्षांचा होता आणि मोठा व्हायोलिनवादक होता. तोवर जग त्याला संगीतकार म्हणून ओळखत होतं, फिनलंडमध्ये तर तो डोक्यावर घेतलेला माणूस. स्वप्न मात्र जुनंच पडलं.

तिसरा भाग सुरू झाला. खाली नगारे घोड्याच्या टापांसारखे, वर ओइस्त्राख. मधेच एका जागी तार दाबायची नसते, बोट नुसतं टेकवायचं, आणि बारीक शीळ निघते. एक, दोन, लागोपाठ. त्यातली कुठली व्हायोलिनची आणि कुठली कुकरची, याचा मला पत्ता लागेना.

दार उघडलं. पिशवी खाली ठेवत बायकोनं आधी कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डाव्या हाताची चार बोटं खुर्चीच्या हातावर नाचत होती.

"बरं झालं, बोटांवर मोजतोयस ते," ती म्हणाली. "किती झाल्या?"

"चार," मी म्हटलं. "चार असतील."