एक पान चुरगाळून

दुपारी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले आणि सवयीने लिंबोणीचं एक पान तोडून चुरगाळलं. जुनी खोड आहे ही, लिंबोणीजवळून कोरड्या बोटांनी पुढे जाताच येत नाही मला. पण बोटं नाकाशी नेली तर वास भलताच, लिंबाचाच पण आंबूस, डब्यात विसरलेल्या लिंबाला येतो तसला. बघते तर शेजारच्या पानावर एक हिरवी, गलेलठ्ठ अळी, मानेतून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढून माझ्यावर डाफरतेय. माझ्याच कुंडीत! दोन सेकंदांत शिंग आत, आणि बाई परत जेवायला बसल्या.

ही लिंबोणी बियांपासून केलेली. २०१८ मध्ये गंमत म्हणून एक बी मातीत खोचली तर दोन रोपं वर आली. मला वाटलं मोजण्यात चुकले असेन. मग कळलं की या जातीच्या झाडांच्या एकाच बीत बरेचदा एकाहून जास्त अंकुर असतात, एखादा परागीभवनातून झालेला आणि बाकीचे थेट आईची कॉपी. म्हणजे एका बीतून आई आणि लेक शेजारीशेजारी उगवायच्या! त्यातलं एक रोप महिन्याभरात मेलं. आता राहिलीये ती आई की लेक, देव जाणे.

फळ अजून नाही. कलम दोन-तीन वर्षांत धरतं, बियांच्या झाडाला पाच-सात वर्षं लागतात आणि कुंडीत असेल तर त्याहून जास्त, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं (सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं). तोवर काटे मात्र भरपूर.

आजीच्या परसात लिंबोणी होती. वर्षातून एकदा आजी तिचं पाणी तोडायची. "ताण दिलाय, हात लावू नकोस." पानं मलूल व्हायची, कडा आत वळायच्या, मला बघवायचं नाही. सगळे दुपारी झोपले की मी तांब्याभर पाणी नेऊन हळूच आळ्यात ओतायचे. एकदा पकडले गेले. आजी रागावली नाही, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाली, "अगं, लाड केलेस तर पानंच येतील नुसती." मग एक दिवस तिने आळं खणलं, खत घातलं, पोटभर पाणी पाजलं आणि काही आठवड्यांनी झाड पांढऱ्या फुलांनी लगडलं, रात्री खिडकी उघडली की वास घरात. त्यातली बहुतेक गळायचीच, हिरव्या मिरीएवढी फळंसुद्धा गळायची, ती वेचून मी भातुकलीत पैसे म्हणून वापरायचे. त्या वर्षी गळ जरा जास्तच झाली असं मला अजून वाटतं आणि ते माझ्या तांब्यामुळे असंही वाटतं. आजीने तसं कधी म्हटलं नाही.

तर मागच्या महिन्यात मी पण ताण दिला. आता जमिनीतल्या झाडाची मुळं लांबवर गेलेली असतात, कुंडीतल्याला कुठलं काय, चौथ्या दिवशी निम्मी पानं खाली. घाबरून बादलीभर पाणी घातलं. झाड वाचलं, आणि नुसतं वाचलं नाही तर फांदीफांदीला कोवळी, तांबूस पालवी फुटली. कळी एक नाही. पण कोवळी पालवी दिसली की ते काळं-पिवळं फुलपाखरू येणारच, एकेका पानाला टेकून एकेक अंडं ठेवून जातं. मी कौतुकाने फोटो काढत होते! नंतर पानांवर काळपट-पांढरे ठिपके दिसले ते पक्ष्यांची घाण समजून सोडून दिले, त्या अळ्याच होत्या, लहानपणी तशाच दिसतात त्या. म्हणजे मी पाणी तोडलं, पाणी घातलं, पालवी आणली आणि जेवायला वाढलं.

आज मोजल्या, अकरा. चिमटा आणला, पहिलीला धरलं, तिने परत शिंग काढलं, परत तो वास. पान अर्धं खाऊन झालं होतं, मधली शीर तेवढी राहिली होती, त्या शिरेवर तिला परत ठेवलं. मग वाटलं तिथे खायला काहीच नाही, म्हणून शेजारच्या पानावर ठेवलं.

कपडे दोरीवरच राहिले.