उमरेडचा मीना बाजार आणि लेकरांची छोटी रेल्वे

मे महिन्यात लेकरं घेऊन बाहेर निघू नका, असं नागपुरात कुणीही सांगेल. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही. पण मामाचा फोन आला, "मैदानात मीना बाजार लागला ना बाप्पा, काहून येत नाही? लेकरं घेऊन ये." सहा वर्षांची लेक आणि साडेतीन वर्षांचा लेक दोघांनीही ते ऐकलं होतं. मग काय, निघालो.

घर सोडलं ते सकाळी सहाला. दिघोरीपासून पुढं रस्ता मोकळा होता, मध्येच कोळशाचे ट्रक. उमरेड जेमतेम ४५ किलोमीटर, ऊन चढायच्या आत मामाच्या दारात. वाटेत लेकीनं विचारलं, "आई, तू लहान होती तेव्हा पण कारनंच यायची?"

नाही गं. आम्ही इतवारीहून नागभीडच्या छोट्या रेल्वेनं यायचो. अडीच फुटांचे रूळ, बुटके डबे, आणि प्रत्येक फाट्यावर ओळखीचं कुणीतरी चढायचं. लू लागू नये म्हणून आई आमच्या खिशात कांदा ठेवायची. डब्यात सगळीकडे त्या कांद्याचाच वास. रूळ मोठे करायचे म्हणून २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली. लेकीनं तसलं इंजिन पाहिलं ते मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात, उभं असलेलं. चालताना नाही.

दुपारभर कूलरसमोर पन्हं, टरबूज आणि झोप. साडेसहाला मैदानावर पोचलो. निघण्याआधी दोघांच्याही मनगटावर पेनानं माझा मोबाइल नंबर लिहिला. गर्दीत लेकरू सुटलं तर ते नाव सांगेल, नंबर नाही सांगणार. हे मात्र कुणीही विसरू नये.

फाटकातून आत शिरताच मौत का कुवाच्या मोटारसायकलींचा आवाज कानावर आदळला आणि धाकटा माझ्या पायाला घट्ट बिलगला. त्या बाजूला आम्ही गेलोच नाही. लहान लेकरांना आवाज फार लागतो. आधी कडेकडेनं फिरवावं, मग आत न्यावं.

लेकीला आकाशपाळण्यात बसायचं होतं. तिकिटंही काढली होती. पाळणा खाली आला तेव्हा समोरच्या दांड्याची खिट्टी सुतळीनं बांधलेली दिसली. चालवणारा म्हणाला, "काही होत नाही ताई, सगळेच बसून राहिले." मी नाही बसवलं. ती पुष्कळ रडली, लोक पाहत होते, आणि मला तिची फार दया आली. पण आजही मी तेच करीन.

तिचं रडं थांबलं ते बुढ्ढी के बालच्या गाड्यापाशी. पत्र्याच्या मोठ्या परातीत मधोमध एक गरम वाटी गरगर फिरत होती. गाडेवाल्या काकांनी तिच्यात चमचाभर गुलाबी साखर टाकली. क्षणभर काहीच नाही. मग परातीच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागा दिसला, मग दहा, मग मोजता येईनात. "साखर पातळ होते अन् बारीक छिद्रातून बाहेर उडते. हवा लागली का तिचा धागा होते," काका म्हणाले आणि त्यांनी काडी लेकीच्याच हातात दिली. ती हळूहळू काडी फिरवत राहिली. मुंबईच्या दमट हवेत हा गोळा बघता बघता आक्रसतो. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात तो शेवटपर्यंत फुललेला राहिला.

आणि मग धाकट्याला ती दिसली. पत्र्याची चार डब्यांची रेल्वे, गोल रुळावर, इंजिनाला डोळे आणि मिशा रंगवलेल्या. खांद्यावर दुपट्टा टाकलेला पोरगा घंटी वाजवायचा आणि गाडी निघायची. मघापासून पाय न सोडणारा माझा लेक एकटा जाऊन पहिल्या डब्यात बसला. मोठी लेक त्याच्या मागच्या डब्यात. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना तो ओरडायचा, "आई, मी उमरेडला चाललो!" तीनदा तिकीट काढलं. मामा माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "तू पण खिडकीतून असाच हात काढून यायची. स्टेशनावर मी तो हातच पाहायचो पहिले."

नऊला परतलो. तर्री घातलेला आलुबोंडा मोठ्यांनी खाल्ला, लेकरांना घरचा दहीभात. गच्चीवर गाद्या टाकल्या. धाकटा लगेच झोपला, मनगटावरचा नंबर घामानं पुसट झालेला, मुठीत रेल्वेचं तिकीट. लेक मात्र जागीच होती.

"आई, उद्या ऊन किती वाजता उतरते?"